मनातल्या मनात

"आई, तू कुणाशी बोलतेस गं?"

परवा कणीक मळताना धाकटीनं विचारलं आणि मी चपापले. स्वयंपाकघरात माझ्याशिवाय कुणीच नव्हतं. पण माझे ओठ म्हणे हलत होते, कपाळाला आठ्या होत्या. "उद्याच्या तासाची कविता म्हणून बघत होते," असं सांगून मी वेळ मारून नेली. खरं म्हणजे मी ह्यांच्याशी भांडत होते. आणि हे तर त्या वेळी ऑफिसात!

मैत्रिणींनो, तुमचंही असंच होतं ना? हात पोळ्या लाटत असतात आणि मन माहेरच्या ओसरीवर जाऊन बसलेलं असतं. नाहीतर भिशीत कुणीतरी मारलेल्या टोमण्याला तीन दिवसांनी सुचलेलं झणझणीत उत्तर देत असतं.

मनाची ही तक्रार जुनीच आहे. समर्थ रामदासांनी मनालाच समोर बसवून दोनशे पाच श्लोक ऐकवले. खानदेशातल्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. पण हाकललं तरी पुन्हा पिकात शिरणाऱ्या गुराची उपमा त्यांनी मनाला दिली. त्याहून नेमकं कुणी काय सांगणार? २०१० साली हार्वर्ड विद्यापीठातल्या दोघा संशोधकांनी एक पाहणी प्रसिद्ध केली. २,२५० जणांना मोबाईलवरून अधूनमधून अवचित विचारलं होतं, "आत्ता काय करताय आणि मन कुठे आहे?" जवळजवळ ४७ टक्के वेळा मन भलतीकडेच होतं. म्हणजे फक्त आपणच वेंधळ्या नाही!

मग हे सगळं वायाच का? तसंही नाही. आमच्या शाळेतली लहान मुलं गणित सोडवताना मोठ्यानं पुटपुटतात, "हातचा एक, हातचा एक." पूर्वी मी त्यांना गप्प करायची. पुढे वायगॉट्स्की या मानसशास्त्रज्ञाबद्दल वाचलं. त्याचं म्हणणं असं, की मुलाचं हे स्वतःशी बोलणं पुढे बंद होत नाही, ते आत जातं आणि त्याचाच विचार होतो. तेव्हापासून मी मुलांना पुटपुटू देते.

कादंबरीकारांना तर या आतल्या बोलण्यात खजिनाच सापडला. मराठीत बा. सी. मर्ढेकरांनी १९४२ साली 'रात्रीचा दिवस' लिहिली. समीक्षक या तऱ्हेला 'संज्ञाप्रवाह' असं भारदस्त नाव देतात. इंग्रजीत जेम्स जॉईसच्या 'युलिसिस'चं (१९२२) शेवटचं प्रकरण म्हणजे रात्री अंथरुणात जाग्या असलेल्या एका विवाहित बाईचे विचार, जवळजवळ विरामचिन्हांशिवाय! पण मला जवळची वाटते ती व्हर्जिनिया वुल्फची 'मिसेस डॅलोवे' (१९२५). लंडनमधली एक गृहिणी, संध्याकाळी घरी पार्टी, म्हणून सकाळी फुलं आणायला निघते. एवढीच गोष्ट, एकाच दिवसाची. पण चालता चालता तिच्या मनात सारं आयुष्य फिरून येतं.

त्यात तिच्या नवऱ्याचा एक प्रसंग आहे. आज बायकोला सांगायचंच, की माझं तुझ्यावर प्रेम आहे, असं मनाशी घोकत तो गुलाब घेऊन घरी येतो. फुलं हातात देतो, पण शब्द काही बाहेर पडत नाहीत. तिला मात्र न सांगता कळतं.

कादंबरीत कळतं हो! आमच्या घरी नाही कळलं.

गेल्या वर्षी आमच्या शाळेत पूर्णवेळची जागा निघाली होती. मला हवी होती. रोज भांडी आवरताना मी ह्यांना मनात विचारायची आणि मनातले हे रोज म्हणायचे, "मुलींचं कोण बघणार? आईंना झेपेल का?" मी आणखी मुद्दे काढायची, ते पुन्हा नाही म्हणायचे. असा महिना गेला. अर्जाची मुदत संपली. मी पंधरा दिवस ह्यांच्याशी धड बोलले नाही.

त्या दिवशी धाकटीच्या प्रश्नानं झोप उडाली. रात्री ह्यांना सगळं सांगितलं. हे बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "अगं, पण तू मला विचारलंस कधी?"

खरंच, कधीच नाही. विचारलं असतं तर हो म्हणाले असते का? कोण जाणे. कदाचित तेच मुद्दे आले असते. पण निदान नकार तरी त्यांचा असता. तो मीच त्यांच्या तोंडी घातला आणि वर त्यांच्यावरच रुसले. ती जागा तर भरून गेली.

मनाला दावं बांधावं असं मी म्हणणार नाही. तिथल्या तिथे माहेरी जाऊन येण्याची ती एक सोय आहे. स्वयंपाकघरात एक वही-पेन्सिल टांगून ठेवलीय. रवा संपला, बिल भरायचं, असली भुणभुण वहीत टाकली की डोकं बरंच मोकळं होतं. आणि मनात एकच भांडण तिसऱ्यांदा सुरू झालं, की त्यातलं पहिलं वाक्य त्या माणसापुढे मोठ्यानं म्हणायचं. पहिलंच फक्त. पुढचं उत्तर त्याचं त्याला देऊ द्यावं.

काल ह्यांना म्हटलं, "पुन्हा जागा निघाली तर मी अर्ज करणार आहे." पेपर बाजूला ठेवून हे म्हणाले, "बस, बोलू." तेवढ्यात दूध उतू गेलं. जाऊ दे म्हटलं, आणि गॅस बंद करून बसले.