सत्तेचाळीस अंशांच्या गावातला एक थेंब

हवामान खात्याच्या नोंदीत नागपूरचा पारा 23 मे 2013 रोजी 47.9 अंशांवर गेला होता आणि 29 डिसेंबर 2018 च्या पहाटे 3.5 अंशांवर उतरला होता. एकाच गावात 44 अंशांची तफावत! श्वसनाच्या विषाणूंना या दोन्ही टोकांच्या हवेतून वाट काढावी लागते.

त्यांचा आकार आधी बघा. करोनाचा विषाणू साधारण 0.1 मायक्रॉनचा, म्हणजे एका मिलिमीटरच्या रेघेत 10 हजार बसतात. 2021 मध्ये शास्त्रज्ञांनी मांडलेल्या अंदाजानुसार, कोणत्याही एका वेळी जगभरातल्या सगळ्या रुग्णांच्या शरीरातले करोना विषाणू एकत्र केले, तरी त्यांचं वजन फार तर 10 किलो भरलं असतं.

हे विषाणू हवेत येतात ते थुंकीच्या थेंबात बसून. दीड मीटर उंचीवरच्या तोंडातून सुटलेला 100 मायक्रॉनचा थेंब सहाएक सेकंदांत जमिनीवर पडतो. 10 मायक्रॉनच्या थेंबाला आठ मिनिटं लागतात. एक मायक्रॉनचा कण मात्र वारा नसलेल्या हवेत 12 तास खाली येत राहतो. व्यास शंभरपट घटला आणि वेळ सात हजारपट वाढला.

हवामानाचं काम इथेच सुरू होतं. 50 मायक्रॉनचा थेंब घ्या. जमीन गाठायला त्याला 20 सेकंद लागतात. मे महिन्यातल्या दुपारी आर्द्रता 20 टक्क्यांवर असते. अशा हवेत तो दोन सेकंदांच्या आतच सुकतो आणि उरलेला बारीक कण तरंगू लागतो. झडीच्या दिवसांत आर्द्रता 90 टक्क्यांवर गेली की सुकायला 15 सेकंद लागतात. तोवर त्याने खालचा बराच रस्ता कापलेला असतो.

मग मे अखेरच्या नवतपात, भर उन्हाळ्यात, साथी भडकायला हव्यात. तसं होत नाही, कारण उघड्यावर ऊन आडवं येतं. प्रयोगशाळेत प्रखर उन्हासारख्या प्रकाशात तरंगत्या कणांतले 90 टक्के करोना विषाणू आठेक मिनिटांत निकामी झाले. अंधारात निम्मे निकामी व्हायलाच तासाहून जास्त वेळ लागला.

आणखी एक हिशेब मला विलक्षण वाटतो. 44 अंश तापमान आणि 20 टक्के आर्द्रता असलेल्या एक घनमीटर हवेत सुमारे 12 ग्रॅम वाफ असते. जानेवारीत पहाटे 12 अंशांवर आर्द्रता 70 टक्के असली, तरी वाफ भरते जेमतेम साडेसात ग्रॅम. आपल्याला कोरडा वाटणारा मे महिना थंडीतल्या दवाच्या पहाटेपेक्षा दीडपट ओला असतो! हवेत वाफ जितकी कमी, तितका फ्लूचा विषाणू जास्त टिकतो, असं 2009 च्या एका गाजलेल्या अभ्यासात दिसलं. 2015 च्या फेब्रुवारी-मार्चमधली स्वाइन फ्लूची लाट या हिशेबात बसते. त्या वर्षी देशात 42,592 रुग्ण आणि 2,990 मृत्यू नोंदले गेले आणि नागपूरलाही मोठी झळ बसली. पण आपल्याकडे फ्लू पावसाळ्यातही उसळतो. तेव्हा हवेत घनमीटरला 23 ग्रॅमच्या आसपास वाफ असते. आणि एप्रिल 2021 मध्ये पारा चाळिशीला असताना नागपूर जिल्ह्यात एकेका दिवशी 7 हजारांहून जास्त करोनाबाधित सापडत होते. उन्हाने विषाणू मरेल, या आशेवर विसंबणं किती महागात पडलं, ते त्या महिन्यात बेडसाठी वणवण केलेल्या घरांना विचारावं.

विषाणू बहुतेक वेळा पसरतो तो खोलीत, आणि खोलीचं हवामान वेगळंच असतं. 2020 मधल्या एका अभ्यासाचा अंदाज आहे की, बाधित माणूस बंद जागेत एक मिनिट मोठ्याने बोलला, तर विषाणू असलेले किमान हजार कण आठ मिनिटांहून जास्त वेळ तरंगत राहतात. 12 बाय 12 च्या, 10 फूट उंच खोलीत सुमारे 41 घनमीटर हवा मावते. खिडकीत बसवलेला मोठा कूलर ताशी 3 हजार घनमीटर बाहेरची हवा आत फेकतो. समोरचं दार उघडं असेल, तर तासाला सत्तरेक वेळा सगळी हवा बदलते. घरातला स्प्लिट एसी तीच हवा गार करून फिरवत राहतो, बाहेरची आणत नाही. खिडकीतून काढून बंद खोलीच्या मधोमध ठेवलेल्या कूलरचंही तेच होतं, आणि सत्तरचा आकडा जवळजवळ शून्यावर येतो.