तिसऱ्या वाटेचा फोन घ्यावा का?

फेब्रुवारी २०११मध्ये नोकियाने जाहीर केलं, की कंपनीचे पुढचे स्मार्टफोन मायक्रोसॉफ्टच्या विंडोज फोनवर चालतील. त्याच नोकियात तेव्हा मीगो नावाची, लिनक्सच्या पायावरची प्रणाली आकार घेत होती. तिच्यावर चालणारा एन-९ त्या वर्षी बाजारात आला, जाणकारांनी त्याचं कौतुकही केलं, पण कंपनीने मीगोकडे पाठ फिरवली होती. तेव्हा त्या प्रकल्पातली काही मंडळी बाहेर पडली आणि त्यांनी योल्ला ही कंपनी काढली. नोव्हेंबर २०१३मध्ये त्यांचा पहिला फोन फिनलंडमधल्या ग्राहकांच्या हाती पडला. त्यावरची प्रणाली होती सेलफिश ओएस.

अँड्रॉइड आणि आयफोन या दोन वाटांखेरीज तिसरी वाट शोधणाऱ्यांना हे नाव हमखास भेटतं. त्याच शोधात ग्राफीनओएस, ई-ओएस आणि उबुंटू टचही भेटतात. शोधामागची कारणं रास्त आहेत. आपण कुठे जातो, काय शोधतो, कोणती ॲप किती वेळ पाहतो याची नोंद दुसऱ्या कुणाकडे साठू नये, असं वाटणं हा वेडेपणा नव्हे. पैसे मोजून घेतलेल्या यंत्रावर आपली सत्ता चालावी, ही अपेक्षाही साधीच आहे. तरी भारतात राहून अशा फोनवर जायचं की नाही, याचा निकाल फोनच्या गुणांवर फारसा लागत नाही. तो लागतो मोबाइल कंपनीच्या टॉवरवर आणि बँकेच्या सर्व्हरवर. म्हणून निर्णयाची सुरुवात तिथूनच करावी, असं माझं मत आहे.

लहान प्रणालीचं आयुष्य

सेलफिश वापरायला देखणी आहे. पडद्यावर बटणांची गर्दी नाही, बहुतेक कामं कडेवरून बोट सरकवून होतात. आतला बराचसा भाग खुला आहे, वरचा दर्शनी थर मात्र कंपनीच्या मालकीचा. अँड्रॉइडची ॲप चालवणारा एक वेगळा थर परवाना विकत घेणाऱ्यांना मिळतो. गेली काही वर्षं ही प्रणाली मुख्यतः सोनीच्या निवडक एक्सपिरिया फोनांवर टाकता येते. सोनीने भारतातली फोनविक्री २०१९मध्ये थांबवली, त्यामुळे आपल्याकडे असा फोन मिळवणं म्हणजे बाहेरून आणणं आणि हमी विसरणं.

कंपनीचा प्रवास मात्र सतत काठावरचा राहिला. २०१४मध्ये लोकवर्गणीतून टॅब्लेट काढायचं ठरलं, पैसेही भरभरून आले, पण वर्षभरात कंपनीच अडचणीत सापडली आणि वर्गणी भरलेल्या अनेकांना टॅब्लेट मिळालाच नाही. २०१६मध्ये इंटेक्सने भारतात सेलफिशवरचा ॲक्वा फिश आणला, किंमत ५,४९९ रुपये. तो इथे रुजला नाही. पुढे रशियाच्या रोस्टेलिकॉमची भागीदारी आली, युक्रेनवरच्या आक्रमणानंतर तीच गळ्याशी आली, आणि २०२३मध्ये जुन्याच व्यवस्थापनाने नवी कंपनी काढून सगळा व्यवसाय विकत घेतला. इतकं होऊनही प्रणालीला अपडेट येत राहिली, ही चिकाटी मोठीच आहे. पण ग्राहकाने या इतिहासातून एक गोष्ट घ्यावी: लहान प्रणालीवर जाणाऱ्याने तिच्या मालकाचं आर्थिक आरोग्यही पाहायला हवं.

बाकीच्यांचे अनुभवही असेच आहेत. ऑगस्ट २०१४मध्ये इंटेक्सनेच फायरफॉक्स ओएसवरचा क्लाउड एफएक्स १,९९९ रुपयांना आणला. सव्वा वर्षातच, डिसेंबर २०१५मध्ये, मोझिलाने या फोनांची विक्री थांबवत असल्याचं जाहीर केलं. जानेवारी २०१५मध्ये सॅमसंगने टायझेन या प्रणालीवरचा झेड-१ भारतातच सर्वांत आधी विकायला काढला, ५,७०० रुपयांना. तीही वाट खुंटली. अशा प्रणाली एका दिवसात मरत नाहीत. आधी एखादं ॲप नव्या आवृत्त्या देणं थांबवतं, मग ते चालेनासं होतं. विंडोज फोनवरचं व्हॉट्सॲप ३१ डिसेंबर २०१९नंतर बंद झालं, आणि तो फोन हातात असूनही निरुपयोगी वाटू लागला.

लहान प्रणाली अशा खुंटण्याला फक्त ग्राहकांची उदासीनता कारणीभूत नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२मध्ये गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला आणि अपिलातही तो कायम राहिला. आयोगाने ज्या अटींवर बोट ठेवलं, त्यांत एक अट अशी होती, की प्ले स्टोअर हवं असेल तर फोन बनवणाऱ्याने अँड्रॉइडच्या फुटून निघालेल्या आवृत्त्यांवरचे फोन काढायचे नाहीत. अँड्रॉइडमधून निघालेल्या लहान प्रणालींना मोठे उत्पादक का मिळाले नाहीत, याचं बरंचसं उत्तर इथे आहे.

आधी फोन लागतो का ते पाहा

आता टॉवरकडे वळू. जिओचं जाळं सुरुवातीपासून ४जीचं आहे, त्याला २जी किंवा ३जीचा आधार नाही. ४जीवर आवाजही डेटासारखाच जातो आणि त्यासाठी फोनमध्ये व्होल्टे चालावं लागतं. व्होल्टेचा मोठा भाग चिप आणि फोन बनवणाऱ्यांच्या बंद सॉफ्टवेअरमध्ये असतो. लहान प्रणालींना तो सहजी मिळत नाही, म्हणून काही मॉडेलवर व्होल्टे चालतं, काहींवर अर्धवट चालतं, काहींवर मुळीच नाही. व्होल्टे नसलेल्या फोनमध्ये जिओचं सिम घातलं, तर इंटरनेट चालेल, नेहमीचा कॉल लागणार नाही. एअरटेल किंवा व्हीआयच्या सिमवर २जीमुळे कॉल निभावतो, तोही त्या जागी २जीची रेंज असेल तर.

म्हणून विकत घेण्याआधी नेमकं मॉडेल, नेमकी प्रणाली आणि आपली मोबाइल कंपनी हे त्रिकूट एकत्र तपासायला हवं. आणीबाणीत ११२ला फोन लागणं ही कोणत्याही फोनची पहिली जबाबदारी आहे, आणि घरात लहान मूल किंवा आजारी माणूस असेल तर तिच्यात तडजोड नको.

फोनची साक्ष कोण देतं?

खरा पेच पैशांचा आहे. यूपीआय ॲप सुरू करताना बँकेत नोंदवलेल्या सिमवरून एक एसएमएस जातो आणि खातं त्या फोनशी बांधलं जातं. त्याशिवाय अनेक बँकांची ॲप फोनचीही चौकशी करतात. गूगलची प्ले इंटिग्रिटी ही सेवा त्यासाठी वापरली जाते. ॲप विचारतं, हा फोन मान्यताप्राप्त आहे का, त्याची प्रणाली कुणी बदललेली नाही ना? गूगलचा सर्व्हर त्यावर निकाल देतो, तो बँकेच्या सर्व्हरपर्यंत पोहोचतो, आणि निकाल प्रतिकूल असला तर ॲप उघडत नाही किंवा काही व्यवहार अडवतं.

सेलफिशच्या अँड्रॉइड थरात गूगलच्या सेवा मुळात नसतात. मायक्रोजी नावाचा खुला पर्याय टाकून बरीच ॲप चालतात, बँकांची चालतीलच असं नाही. ग्राफीनओएसचा प्रकार वेगळा. आजवर गूगलच्या पिक्सेल फोनांपुरत्या मर्यादित राहिलेल्या या प्रणालीत प्ले स्टोअर कोणतेही विशेष अधिकार न देता, साध्या ॲपसारखं चालवता येतं. सुरक्षेच्या बाबतीत ती अनेक कंपन्यांच्या अँड्रॉइडपेक्षा कडक आहे. तरीही गूगलच्या लेखी ती मान्यताप्राप्त नाही, म्हणून काही बँका तिला दार बंद करतात. दुसरीकडे, वर्षानुवर्षं अपडेट न मिळालेला एखादा जुना अँड्रॉइड फोन मूळ प्रणालीवर असल्यामुळे त्याच चौकशीतून बरेचदा निभावून जातो. यात ग्राहकाच्या सुरक्षेपेक्षा गूगलच्या शिक्क्याला जास्त वजन मिळतं, आणि ते मला अन्याय्य वाटतं.

याचा अर्थ प्रत्येक लहान प्रणाली सुरक्षित असते असा नाही. फोन सुरू होताना प्रणाली चढवणारा बूटलोडर उघडा राहिला, तर चोरीला गेलेल्या फोनमधली प्रणाली बदलणं सोपं होतं. ग्राफीनओएस टाकल्यावर तो पुन्हा बंद करता येतो, सर्वत्र ही सोय नसते. शिवाय कॅमेरा, मोडेम यांचे ड्रायव्हर मूळ उत्पादकाकडूनच येतात, आणि त्याने हात वर केले की लहान गटाला तिथल्या त्रुटी बुजवता येत नाहीत.

मराठीची परीक्षा

या फोनांवर मराठी नीट दिसते का, लिहिता येते का, हेही पाहावं. ‘कुऱ्हाड’, ‘वाङ्मय’, ‘ॲप’ हे शब्द टंकून पाहा. ऱ्ह तुटतो का, ॲ कळफलकावर सापडतो का, ल आणि श मराठी वळणाचे आहेत की हिंदी, हे लगेच कळतं. बोलून लिहिण्याची सवय असेल, तर ती सोय बहुधा गूगलच्या सेवेवर चालते आणि तिच्याबरोबरच जाते. अंध किंवा क्षीणदृष्टी वापरकर्त्याने तर पडदा वाचून दाखवणारी सोय मराठीत चालते याची खात्री झाल्याशिवाय बदल करूच नये.

ठरवायचं कसं

एकच फोन असेल आणि त्यावरच धंद्याचे पैसे येत असतील, किंवा टॅक्सी अथवा घरपोच वस्तूंच्या ॲपवर रोजगार असेल, तर सध्या पूर्ण बदल करू नये. ज्यांच्याकडे दुसरा फोन आहे, त्यांनी बँकेत नोंदवलेलं सिम साध्या अँड्रॉइडमध्ये घरी ठेवावं आणि रोजचं बोलणं, वाचन, नकाशे, फोटो लहान प्रणालीवर न्यावेत. नेटबँकिंग ब्राउझरमधून चालतं. छोट्या रकमांसाठी *९९# ही सेवा त्याच नोंदवलेल्या सिमवरून, इंटरनेटशिवाय वापरता येते. महिनाभर असं राहिल्यावर कुठे अडतं, हे स्वतःच्या अनुभवाने कळतं. प्रणाली बदलण्याआधी मूळ प्रणाली परत कशी टाकायची हे शिकून घ्यावं आणि फोटो व संपर्कांचा बॅकअप वेगळ्या ठिकाणी ठेवावा.

ज्यांना इतकं जमणार नाही, त्यांनाही अर्धी वाट चालता येते. आहे त्याच अँड्रॉइडवर एफ-ड्रॉइड या ॲपच्या दुकानातून खुली ॲप घेता येतात. अनावश्यक परवानग्या काढून टाकता येतात, आणि जाहिरातींसाठी फोनला दिलेला ओळख क्रमांक पुसता येतो. खुल्या प्रकल्पांना मराठी भाषांतराची गरज असते. प्रोग्रामिंग न येणारा मराठी माणूसही तिथे मोलाचं काम करू शकतो.

मात्र सगळा भार ग्राहकाच्या जिद्दीवर टाकणं बरोबर नाही. बँक, रेल्वे, वीजमंडळ, महापालिका यांच्या सेवा साध्या ब्राउझरमधूनही पूर्णपणे वापरता आल्या पाहिजेत. सुरक्षित असलेल्या पर्यायी प्रणाली ओळखण्याचे तांत्रिक मार्ग बँकांना आजही उपलब्ध आहेत. ग्राफीनओएससारख्या प्रणालीची खातरजमा गूगलला न विचारता, हार्डवेअरमधल्या किल्ल्यांवरून करता येते. आपल्या बँकेला हे लेखी विचारावं. असं विचारणाऱ्यांची संख्या वाढली, तरच बँका ते मनावर घेतील. ज्याला झेपेल त्याने तिसऱ्या वाटेने जरूर जावं. ज्याला झेपत नाही, त्याने ती वाट खुली राहावी म्हणून आपल्या बँकेकडे आग्रह धरावा, कारण उद्या आपल्यालाही दोन परदेशी कंपन्यांपलीकडचा पर्याय लागू शकतो.