आरोग्याचा खर्च : भरणारा आणि ठरवणारा

आरोग्यसेवेवर सरकारने किती खर्च करावा, हा वाद भारतात बहुतेक वेळा टक्केवारीच्या आधारे लढविला जातो. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सार्वजनिक आरोग्यखर्च २०२५ पर्यंत सकल देशांतर्गत उत्पादनाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट ठेवले होते. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०२१-२२ साली, म्हणजे कोविडकाळातील वाढीव खर्च धरूनही, तो १.८४ टक्केच होता. त्याच लेख्यांप्रमाणे एकूण आरोग्यखर्चात कुटुंबांनी थेट खिशातून भरलेल्या रकमेचा वाटा २०१३-१४ मधील ६४.२ टक्क्यांवरून ३९.४ टक्क्यांवर आला. ही घट दिलासादायक दिसते. मात्र कुटुंबांच्या खर्चाचा अंदाज २०१७-१८ च्या नमुना पाहणीवरून पुढे ओढलेला असल्याने तिच्यावर किती विसंबावे याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. सरकारी तिजोरीतून पैसा वाढला पाहिजे याबद्दल दुमत होण्याचे कारण नाही. परंतु त्या पैशात काय आणि कोणत्या दराने विकत घ्यायचे हे ठरविण्याची ताकद सरकारपाशी नसेल, तर वाढलेली तरतूद वाढलेल्या बिलांतच जिरते.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ साली, भोर समितीने जो आराखडा दिला त्यात हा प्रश्न फारसा उद्भवत नव्हता, कारण करातून पैसा उभा करणारे आणि दवाखाना चालविणारे सरकार एकच होते. १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याने कामगार व मालक यांच्या वर्गणीतून चालणारी दुसरी वाट घातली, तीही बहुतांशी स्वतःच्या रुग्णालयांसह. तिसरी वाट अलीकडची आहे : सरकारने गरिबांच्या वतीने खाजगी रुग्णालयांकडून उपचार विकत घेणे.

महाराष्ट्रात ही तिसरी वाट राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजनेच्या रूपाने जुलै २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली, पुढच्या वर्षी राज्यभर पोहोचली आणि २०१७ साली महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाली. कुटुंबामागे वर्षाला दीड लाख रुपयांचे संरक्षण २०२३ मध्ये पाच लाखांपर्यंत वाढवून ती सर्व शिधापत्रिकाधारकांसाठी खुली करण्याचा निर्णय झाला. तिचा कणा म्हणजे ‘पॅकेज’, अर्थात एखाद्या शस्त्रक्रियेसाठी तपासणी, खाट, औषधे आणि डॉक्टरांचे शुल्क यांसह आधीच ठरविलेली एकरकमी किंमत. रुग्णाचे नातेवाईक रेशनकार्ड व आधार घेऊन रुग्णालयात योजनेचे काम पाहणाऱ्या आरोग्यमित्राच्या टेबलापाशी येतात, कागद संगणकावर चढतात, पूर्वमंजुरी येते आणि मग उपचार सुरू होतात. निदान योजनेची रचना तरी अशी आहे. प्रत्यक्षात त्या टेबलावर वारंवार ऐकू येणारे वाक्य ‘हे पॅकेजमध्ये बसत नाही’ हे असते, आणि जे बसत नाही ते रोखीने भरावे लागते.

यामागे केवळ कोणाचा लोभ आहे असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. अर्थशास्त्रज्ञ केनेथ ॲरो यांनी १९६३ मध्येच दाखवून दिले होते की, वैद्यकीय सेवेत कोणता माल आणि किती घ्यायचा हे ग्राहक नव्हे तर विक्रेताच सांगतो, त्यामुळे साध्या बाजाराचे नियम येथे लागू पडत नाहीत. प्रत्येक सेवेचे वेगळे पैसे दिले की सेवांची संख्या वाढते. एकरकमी दर दिला की परवडणाऱ्या शस्त्रक्रिया पुढे येतात आणि तोट्याचे रुग्ण दुसरीकडे पाठविले जातात. छत्तीसगडमध्ये राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेखाली झालेल्या अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रियांच्या तक्रारी २०१२ साली गाजल्या, त्या याच रचनेची सर्वांत क्रूर बाजू दाखविणाऱ्या होत्या.

दरांवर थेट बंधन घालण्याचे प्रयत्नही झाले आहेत. फेब्रुवारी २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध किंमत निर्धारण प्राधिकरणाने हृदयाच्या रक्तवाहिनीत बसविल्या जाणाऱ्या औषधलेपित स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपयांवर आणि साध्या स्टेंटची ७,२६० रुपयांवर आणली. स्टेंट स्वस्त झाले. परंतु बिलातील खोलीभाडे, शुल्क आणि इतर साहित्य यांच्या ओळी मोकळ्याच राहिल्या. मे २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने कोविड रुग्णांसाठी दिवसाला साध्या कक्षात ४,०००, अतिदक्षता विभागात ७,५०० आणि व्हेंटिलेटरसह ९,००० रुपये अशी मर्यादा घातली, तेव्हा पीपीई किट, महागडी औषधे आणि काही तपासण्या तिच्या बाहेर होत्या. परिणामी दैनंदिन दर नियमात आणि पीपीई किटचा आकडा डोळे विस्फारायला लावणारा, अशी बिले लेखापरीक्षकांपुढे आली. एक ओळ दाबली की दुसरी फुगते. तरीही त्या वर्षाने एक गोष्ट सिद्ध केली : खाजगी रुग्णालयांचे दर सरकारला ठरविता येतच नाहीत, हा समज खोटा होता. केंद्राचा २०१० चा वैद्यकीय आस्थापना कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही आणि येथे १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदाच चालतो. त्याच्या २०२१ मधील सुधारित नियमांनी दरपत्रक लावण्याची सक्ती केली, पण दर किती असावेत यावर मौन पाळले.

महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालये हा सरकारी खर्चाचा झाकलेला भाग आहे, कारण करसवलत हाही तिजोरीतून दिलेला पैसाच. त्याच्या मोबदल्यात, मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार, दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि आणखी दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात. या खाटा मागून मिळवाव्या लागतात, हे कोणत्याही जिल्ह्यातील सामाजिक कार्यकर्ता सांगेल.

थायलंडचा दाखला या वादात वारंवार दिला जातो, पण बहुधा अर्धाच. २००२ च्या कायद्याने त्या देशाने करांच्या पैशातून सर्वांना संरक्षण दिले, बाह्यरुग्ण सेवेसाठी नोंदलेल्या माणसामागे ठरावीक रक्कम आणि आंतररुग्ण सेवेसाठी एकूण खर्चाला कमाल मर्यादा अशी पद्धत बसविली. मात्र त्याआधीची काही दशके ग्रामीण रुग्णालये उभारण्यात आणि तेथे डॉक्टर पाठविण्यात गेली होती. ज्या खरेदीदाराची स्वतःची रुग्णालये चालू स्थितीत असतात, त्याला खाजगी रुग्णालयाने सांगितलेला दर नाकारता येतो; महाराष्ट्रात पॅकेजच्या दरांवरून होणारी ओढाताण या सामर्थ्याअभावीच लांबते. तामिळनाडूने औषधांपुरते असे सामर्थ्य कमावले : १९९४ साली स्थापन झालेले तेथील वैद्यकीय सेवा महामंडळ एकत्रित निविदा काढते, नमुने तपासून घेते आणि प्रत्येक दवाखान्याला पासबुकावर, मंजूर रकमेच्या मर्यादेत, गोदामातून हवी ती औषधे उचलू देते.

महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार निःशुल्क झाले, केसपेपरचे शुल्कही गेले. वैद्यकीय शिक्षण विभागाची महाविद्यालयीन रुग्णालये मात्र या निर्णयाच्या बाहेर राहिली. कुटुंबांच्या खिशातून जाणाऱ्या पैशाचा मोठा भाग शस्त्रक्रियांवर नव्हे, तर बाह्यरुग्ण उपचारांवर आणि औषधांवर खर्च होतो, हे लक्षात घेता विम्याच्या संरक्षणाची रक्कम वाढविण्यापेक्षा हा निर्णय अधिक दूरगामी ठरू शकतो. तो कितपत टिकतो हे त्याच वर्षी कायद्याने स्थापन झालेल्या वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरणाच्या कामावर अवलंबून आहे, कारण मोफत केसपेपरच्या मागे ‘बाहेरून आणा’ म्हणून औषधाचे नाव लिहून दिले गेले, तर मधुमेहाच्या रुग्णाचा महिन्याचा खर्च होता तेवढाच राहतो.