रॅम वाढवली की जुना पीसी पळतो?

जुना पीसी रखडू लागला की माटुंग्यात सल्ला ठरलेला असतो: माटुंगा रोडहून धीमी लोकल पकडा, ग्रँट रोडला उतरा, लॅमिंग्टन रोडवरून रॅम आणा. किती? ‘बसेल तेवढी!’ पण रॅम म्हणजे वेग नव्हे, चालू काम मांडून ठेवायची जागा. किंग्ज सर्कलच्या उडुपी हॉटेलाबाहेर रविवारी सकाळी माणसं ताटकळतात, तेव्हा चार टेबलं वाढवली तर रांग हटेल. टेबलं रिकामी आणि डोसा तव्यावरच अडलेला असेल, तर नव्या टेबलांचं करायचं काय? रॅम अपुरी पडली की विंडोज काही पसारा हार्ड डिस्कवर हलवतं. फिरत्या डिस्कला हवी ती जागा गाठायला 10 मिलिसेकंदांच्या आसपास लागतात; रॅमला त्याच्या साधारण लाखावा हिस्सा. म्हणून 2 जीबीचे 4 किंवा 4 चे 8 केले की फरक लगेच जाणवतो. 8 चे 16 करताना मात्र आधी मोजून पाहावं. रोजची सगळी कामं, म्हणजे ब्राउझरचे टॅब, एक्सेल, झूम, एकदम उघडायची आणि टास्क मॅनेजर बघायचा. मेमरी 90 टक्क्यांच्या पुढे गेली तर रॅम घ्यावी. ती 60 वर आणि डिस्क मात्र सतत 100 वर असेल, तर ते पैसे एसएसडीचे.

‘बसेल तेवढी’ हेही फसवं आहे. घरगुती 32 बिट विंडोजला 4 जीबीपलीकडचं दिसतच नाही, आणि त्यातलेही काही पत्ते ग्राफिक्ससारख्या भागांकडे जात असल्याने हाती बहुधा 3 ते 3.5 जीबी उरते. तिथे 8 जीबी टाकणं म्हणजे पैसे पाण्यात. आधी 64 बिट विंडोज हवं. मदरबोर्डचीही मर्यादा असते: इंटेलच्या जी41 चिपसेटला 8 जीबी, एच61 ला 16. वेगळ्या कंपन्यांच्या पट्ट्या एकत्र चालतच नाहीत, ही भीती मात्र बरीचशी फुकाची. बहुधा चालतात, फक्त वेगवान पट्टी हळू पट्टीच्या चालीने चालते. दोन स्लॉट असतील तर 8 ची एक घेण्यापेक्षा 4 च्या दोन सारख्या पट्ट्या बऱ्या. ड्युअल चॅनलचा फायदा मिळतो.

यावर जाणकार म्हणतील, जादा रॅम वाया जात नाही, विंडोज तिथे वापरलेल्या फायली राखून ठेवतं. खरं आहे. पण पीसी रीस्टार्ट केला की तो साठा पुसला जातो आणि पहिल्यांदा सगळं पुन्हा डिस्कवरूनच यावं लागतं. ‘पुढे उपयोगी पडेल’ हा दुसरा आक्षेप त्याहून लंगडा. डीडीआर3 ची पट्टी डीडीआर4 च्या स्लॉटमध्ये बसतच नाही, खाचच वेगळी. त्यामुळे ती नव्या पीसीत नेता येणार नाही. विंडोज 10 चा नियमित आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि विंडोज 11 रॅम मागतं अवघी 4 जीबी. डीडीआर3 च्या जमान्यातले पीसी तिथे अडतात ते प्रोसेसर आणि टीपीएमपाशी. व्हीजेटीआयच्या ज्या विद्यार्थ्याला व्हर्च्युअल मशीन चालवायचं आहे, त्याने एच61 वर 8 च्या दोन पट्ट्या खुशाल लावाव्यात. फक्त लॅमिंग्टन रोडला जाताना जुनी पट्टी सोबत न्यावी. लेबलावर पीसी3 असेल तर ती डीडीआर3, पीसी4 असेल तर डीडीआर4. आणि लॅपटॉपच्या पट्टीवर पीसी3एल दिसलं, तर 1.35 व्होल्टचीच मागावी.