बातमी वाचणाऱ्याच्या मनात काय घडते?

यवतमाळ जिल्ह्यात शेतकऱ्याच्या आत्महत्येची बातमी वर्तमानपत्रात आली नाही, असे आठवडे फार थोडे. या बातमीचा साचाही आता ठरून गेला आहे. गावाचे नाव, कर्जाचा आकडा, नापिकी, मागे राहिलेली पत्नी व लेकरे आणि शेवटी कंटाळून जीवनयात्रा संपवल्याचे एक वाक्य. बातमी देणारा आपले काम करतो. पण तीच बातमी त्याच संकटात सापडलेला दुसरा माणूस वाचतो तेव्हा त्याच्या मनात काय होते? जगातील काही विद्यापीठांत अभ्यासक वर्षानुवर्षे हाच प्रश्न घेऊन बसले आहेत. गोष्ट, बातमी, नाटक, सिनेमा यांचा माणसाच्या मनावर काय परिणाम होतो, हे ते मोजतात. त्या माणसांची आणि त्यांच्या कामाची ओळख आपल्या घराघरांत व्हावी म्हणून हा लेखप्रपंच.

व्हिएन्नाचा अनुभव

ऑस्ट्रिया देशाची राजधानी व्हिएन्ना. तेथे १९७८ साली भुयारी रेल्वे सुरू झाली. १९८० नंतरच्या काही वर्षांत त्या रेल्वेवर आत्महत्या वाढू लागल्या. वर्तमानपत्रे मोठमोठे मथळे देऊन, छायाचित्रे छापून प्रत्येक घटना रंगवत होती. गेर्नोट सोनेक, एल्मार एत्सर्सडॉर्फर या मानसोपचारतज्ज्ञांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये पत्रकारांसमोर काही साधे नियम ठेवले. मथळा भडक नको, पद्धतीचे वर्णन नको, मृत्यूला शौर्य किंवा सुटका म्हणणे नको. पत्रकारांनी ते मानले. भुयारी रेल्वेवरील या घटना तीन चतुर्थांशांहून अधिक घटल्या.

आमच्यासारख्या हिशेबाच्या वह्या सांभाळणाऱ्या माणसाला हा आकडा थांबवतो. एक रुपयाचेही औषध न वाटता, केवळ सांगण्याची रीत बदलून माणसे वाचली.

त्याआधी १९७४ मध्ये डेव्हिड फिलिप्स या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने दाखवून दिले होते की आत्महत्येच्या बातम्या पहिल्या पानावर गाजल्या की त्यानंतर अशा घटना वाढतात. या परिणामाला त्याने गटे या जर्मन लेखकाच्या १७७४ मधील कादंबरीतील वेर्थर या नायकाचे नाव दिले. ती कादंबरी वाचून तरुण नायकाचे अनुकरण करतात, या भीतीने त्या काळी काही ठिकाणी तिच्यावर बंदी आली होती.

परंतु बातमी फक्त मारतेच असे नाही. व्हिएन्ना येथीलच थॉमस नीडरक्रोटेन्थालर व त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑस्ट्रियातील वर्तमानपत्रांतील शेकडो बातम्या तपासून २०१० साली निष्कर्ष मांडला. एकाच घटनेच्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या बातम्यांनंतर आत्महत्या वाढलेल्या दिसल्या. याउलट, मरणाचा विचार मनात येऊनही त्यातून सावरलेल्या माणसांच्या बातम्यांनंतर त्या कमी झालेल्या दिसल्या. या दुसऱ्या परिणामाला त्यांनी मोझार्टच्या १७९१ मधील संगीत नाटकातील पापागेनो या पात्राचे नाव दिले. त्या नाटकात निराश झालेल्या पापागेनोला तीन मुले दुसऱ्या वाटेची आठवण करून देतात आणि तो जगतो.

माणूस गोष्टीत हरवतो तेव्हा

असे का घडते, याचा शोध अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ मेलनी ग्रीन आणि टिमथी ब्रॉक यांनी घेतला. ओहायो राज्य विद्यापीठात केलेले त्यांचे प्रयोग २००० साली प्रसिद्ध झाले. त्यांनी वाचकांना एक गोष्ट दिली. भरबाजारात एक मनोरुग्ण लहान मुलीचा खून करतो, अशी ती गोष्ट. कोण वाचक गोष्टीत किती हरवून गेला, हे त्यांनी प्रश्नावलीने मोजले. जे जास्त हरवले त्यांची मते गोष्टीच्या बाजूने जास्त झुकलेली आढळली. मनोरुग्णांना मोकळे फिरू देऊ नये, असे त्यांना अधिक वाटू लागले. गोष्टीत खटकणाऱ्या जागाही त्यांना कमी सापडल्या. विशेष म्हणजे गोष्ट खरी आहे की रचलेली, हे आधी सांगितल्याने फारसा फरक पडला नाही.

याचा अर्थ आपण नीट समजून घेतला पाहिजे. भाषण ऐकताना माणूस मनातल्या मनात वाद घालतो. गोष्ट ऐकताना तो वाद थांबतो. म्हणून एका कुटुंबाची करुण कहाणी दहा आकडेवाऱ्यांपेक्षा खोल जाते. ती भल्यासाठी जाईल की बुऱ्यासाठी, हे सांगणाऱ्याच्या हाती असते. आंबेडकरी जलसे करणाऱ्या आपल्या पूर्वजांजवळ कोणतीही प्रयोगशाळा नव्हती, पण हे मर्म त्यांना पक्के ठाऊक होते. भीमराव कर्डक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तमाशाचाच साचा घेतला. त्यात दुःख मांडले, पण श्रोत्याला दुःखात सोडून ते उठले नाहीत. शिक्षणाची, संघटनेची, संघर्षाची वाट दाखवूनच ते थांबले.

मग गप्प बसायचे काय?

येथे कोणी म्हणेल, आत्महत्येच्या बातम्याच बंद करा. सरकारला तर ते सोयीचेच होईल. आमचे मत स्पष्ट आहे : झाकणे हा उपाय नाही. महागाव तालुक्यातील चिलगव्हाणच्या शेतकरी कुटुंबाने १९ मार्च १९८६ रोजी एकत्र मृत्यू कवटाळला, त्याला कित्येक वर्षे उलटली. कापसाचा भाव, पावसाची लहर, सावकाराचे व्याज हे प्रश्न छापलेच पाहिजेत, कारण ते सोडवता येतात. अभ्यासकांनीही बातमी बंद करा असे म्हटलेले नाही. मृत्यू हेच प्रश्नाचे उत्तर असल्यासारखे लिहू नका, एवढेच ते सांगतात. प्रेस कौन्सिलनेही २०१९ मध्ये वर्तमानपत्रांसाठी अशीच मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली आहेत.

आणखी एक गोष्ट. शेतकरी म्हणून मदतीला पात्र ठरायचे तर सातबारा लागतो. आपल्यातील कितीतरी कुटुंबे दुसऱ्याच्या शेतात राबतात. त्यांच्या घरचे दुःख मदतीच्या यादीत बसत नाही, आणि बऱ्याचदा बातमीतही येत नाही. त्यांची गोष्ट सांगणारे हात आपल्यातूनच तयार झाले पाहिजेत.

सावरलेल्यांची गोष्ट कशी सांगावी, याचे उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला ९२ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. नयनतारा सहगल यांना दिलेले निमंत्रण मागे घेतल्याने मोठा वाद उठला होता. शेवटी उद्घाटन केले ते याच जिल्ह्यातील वैशालीताई येडे यांनी. त्यांच्या शेतकरी पतीने आत्महत्या केलेली. त्याच परिस्थितीतून गेलेल्या महिलांसह 'तेरवं' या नाटकातही त्यांनी काम केले. वर्तमानपत्रातील छायाचित्रात पदर डोळ्याला लावून बसलेली बाई आणि व्यासपीठावर उभी राहून स्वतःची गोष्ट स्वतःच्या तोंडाने सांगणारी बाई, या दोघींचा वाचणाऱ्याच्या मनावर होणारा परिणाम सारखा कसा असेल?

आपल्या हातात काय आहे

आज बातमी फक्त वर्तमानपत्रात नसते, प्रत्येकाच्या खिशातल्या मोबाईलमध्ये असते. म्हणून ही जबाबदारी पत्रकाराइतकीच आपलीही आहे. माताभगिनींनो, बंधूंनो, घडलेल्या घटनेची छायाचित्रे, चित्रफिती पुढे पाठवू नका. लेकरांसमोर 'कसे केले' याची चर्चा नको. 'सुटला बिचारा' हे वाक्य तर वस्तीत कोणाच्याच तोंडी नको. घरात किंवा शेजारी कोणी अबोल झाला, जेवणावरून उठू लागला, निरवानिरवीचे बोलू लागला तर त्याच्याजवळ बसा. सरळ विचारा, 'जीव द्यावा असे वाटते का रे?' विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही, उलट मनावरचे ओझे हलके होते. त्याला एकटे सोडू नका, सरकारी दवाखान्यात घेऊन जा. ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची 'टेली मानस' ही मोफत सेवा सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही बोलता येते. हा क्रमांक समाजमंदिराच्या फळ्यावर ठळक अक्षरात लिहून ठेवा.

आणि वस्तीत जो कोणी कर्जातून, नापिकीतून, व्यसनातून सावरून उभा राहिला असेल, त्याला पुढच्या बैठकीत दहा मिनिटे बोलायला सांगा. तो काय बोलतो, हे मागच्या ओळीत गप्प बसलेल्या एखाद्या माणसाला ऐकण्याची फार गरज असू शकते.