दोन शिलिंगांचा रुपया

विलायतेशी कापडाचा किंवा सुताचा व्यवहार असलेल्या एखाद्या पेढीच्या जुन्या चोपड्या आज कोणी चाळल्या, तर त्यांत हुंडणावळीचे आकडे शिलिंग-पेन्सांत मांडलेले आढळतील. आज आपण डॉलरला किती रुपये पडतात हे विचारतो. त्या काळी प्रश्न उलट असे. एका रुपयास किती पेन्स? पौंडाचे २० शिलिंग आणि शिलिंगाचे १२ पेन्स, म्हणजे पौंडाचे २४० पेन्स. रुपयास सोळा पेन्स मिळत असतील तर पौंड पंधरा रुपयांना पडे. पेन्स वाढले की आयातदाराचे फावे, घटले की निर्यातदाराचे.

१८३५ च्या कायद्याने १८० ग्रेन वजनाचा, त्यात १६५ ग्रेन शुद्ध चांदी असलेला रुपया देशभर एकच झाला. इंग्लंडचे चलन सोन्याचे होते. चांदीचा भाव स्थिर होता तोवर रुपया दोन शिलिंगांच्या आसपास राहिला. १८७१ नंतर जर्मनीने सुवर्णचलन स्वीकारून चांदी बाजारात ओतली, अमेरिकेत नव्या खाणी लागल्या, आणि रुपया घसरू लागला. १८९२-९३ पर्यंत तो जेमतेम एक शिलिंग तीन पेन्सांवर आला. भारत सरकारला लंडनमध्ये ‘होम चार्जेस’ पौंडांत चुकवावे लागत. त्याचा रुपयांतील बोजा दरवर्षी वाढे. अखेर हर्शेल समितीच्या शिफारशीवरून २६ जून १८९३ रोजी खाजगी चांदीसाठी टांकसाळी बंद झाल्या. कोणीही चांदी नेऊन तिचे रुपये पाडून घ्यावेत, ही जुनी मुभा त्या दिवशी संपली. पुढे १८९९ मध्ये सॉव्हरिन पंधरा रुपयांना कायदेशीर चलन ठरले आणि एक शिलिंग चार पेन्स हा दर महायुद्धापर्यंत जवळजवळ अढळ राहिला. सुमारे अठरा वर्षांच्या या स्थैर्याने व्यापाऱ्यांना एक सवय लावली. हुंडणावळ ही चिंतेची बाब नाही, अशी ती सवय.

ती महागात पडली.

युद्धकाळात भारतीय मालाला मागणी वाढली, चांदी कडाडली, आणि रुपयातील चांदीच रुपयाहून मौल्यवान होते की काय अशी वेळ आली. १९१७ पासून सरकार दर चढवत गेले; डिसेंबर १९१९ मध्ये तो दोन शिलिंग चार पेन्सांवर पोहोचला. फेब्रुवारी १९२० मध्ये बॅबिंग्टन स्मिथ समितीचा अहवाल आला. रुपयाची किंमत सोन्यातील दोन शिलिंग ठेवावी, अशी तिची शिफारस. समितीतील एकमेव भारतीय सदस्य, मुंबईचे दादिबा मेरवानजी दलाल, यांनी भिन्नमत नोंदवून जुनाच एक शिलिंग चार पेन्सांचा दर मागितला. ते एकटे पडले. सरकारने बहुमत स्वीकारले.

आता आयातदाराच्या जागी बसून पाहावे. समजा, दर दोन शिलिंग सहा पेन्स असताना एखाद्याने मँचेस्टरला एक हजार पौंडांच्या कापडाची मागणी नोंदवली. त्याचा हिशेब आठ हजार रुपयांचा. सरकारनेच उंच दराची ग्वाही दिलेली; मग बँकेकडे पुढच्या तारखेचा दर आज बांधून घेण्याची गरज कोणाला वाटावी? मागण्यांचा पूर लोटला. पण माल तयार होऊन बोटीने येईपर्यंत चक्र फिरले होते. युरोप-अमेरिकेत मंदी आली, भारतीय निर्यात थंडावली, आयात फुगली. दर टिकवण्यासाठी सरकारने लंडनवरील ‘रिव्हर्स कौन्सिल’ बाजारभावापेक्षा स्वस्तात विकली. सुमारे साडेपाच कोटी पौंड खर्ची पडल्यावर सप्टेंबर १९२० मध्ये विक्री थांबवावी लागली. ज्यांना ही बिले मिळाली त्यांना घरबसल्या नफा झाला, आणि तो देशाच्या राखीव निधीतून झाला, ही टीका तेव्हाही झाली आणि ती अनाठायी नव्हती.

१९२१ मध्ये दर पुन्हा एक शिलिंग चार पेन्सांच्या आसपास आणि काही काळ त्याहूनही खाली गेला. आठ हजारांचा माल आता पंधरा हजारांना पडत होता, आणि बाजारात कापडाचा भावही उतरलेला. देशातील अनेक शहरांतील कापड-व्यापाऱ्यांच्या मंडळांनी ठराव केले की, सभासदांनी दोन शिलिंगांहून खालच्या दराने हिशेब चुकता करू नये. गोदामांत गाठी पडून राहिल्या. करार मोडला हा विलायती गिरणीवाल्यांचा आक्षेप. सरकारने वचन मोडले हे इथल्या व्यापाऱ्यांचे उत्तर. दोन्ही बाजू खऱ्या होत्या. तरी करारात सरकारचे नाव नव्हते, हे नाकारता येत नाही. ज्यांनी मागणी नोंदवताच बँकेत दर बांधला होता ते थोडेच निघाले, पण त्यांच्यावर अशी पाळी आली नाही.

या धड्यानंतरही वाद मिटला नाही. हिल्टन यंग आयोगाने १९२६ मध्ये अठरा पेन्स सुचवले. सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनी सोळा पेन्सांसाठी स्वतंत्र भिन्नमतपत्रिका जोडली. अठरा पेन्सांनी शेतमालाचे रुपयांतील भाव पडतात, हा त्यांचा मुद्दा. व्यापारी वर्ग बहुतांशी त्यांच्या बाजूस होता. परंतु स्वस्त रुपयाची किंमत कोण मोजतो, हा प्रश्न डॉ. आंबेडकरांनी १९२३ च्या ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ या ग्रंथात आधीच उपस्थित केला होता. घसरत्या हुंडणावळीतील उत्पादकाचा नफा मजुराच्या खऱ्या वेतनातून येतो, असे त्यांनी दाखवले. पेढीच्या गादीवरून ही बाजू सहसा दिसत नाही.

१९२७ च्या कायद्याने अठरा पेन्स कायम झाले: पौंडास १३ रुपये ५ आणे ४ पै. १९३० मध्ये गांधीजींनी व्हाइसरॉयपुढे ठेवलेल्या अकरा मागण्यांत मिठाच्या कराबरोबर सोळा पेन्सांची मागणीही होती. ती मान्य झाली नाही. १९३१ मध्ये ब्रिटनने सोने सोडले, १९४९ मध्ये पौंडाचे अवमूल्यन झाले. दोन्ही वेळी रुपया पौंडाबरोबर गेला आणि तेरा-पाच-चार तसेच राहिले. पाकिस्तानने मात्र १९४९ मध्ये अवमूल्यन केले नाही. तेथील शंभर रुपयांना इथले एकशे चव्वेचाळीस पडू लागले आणि दोन देशांमधील तागाचा, कापसाचा व्यापार ठप्प झाला.

६ जून १९६६ रोजी पौंड एकवीस रुपयांचा झाला. पुढच्याच वर्षी ब्रिटनने पुन्हा अवमूल्यन केले, या खेपेस रुपया मागे गेला नाही, आणि पौंड अठरा रुपयांवर आला. सप्टेंबर १९७५ मध्ये रुपयाची पौंडाशी असलेली गाठ सोडवून तो अनेक चलनांच्या समूहाशी जोडण्यात आला.