तीन महिन्यांची शुगर आणि मेळघाटचे रक्त



मेळघाट म्हटले की आपल्याला कुपोषण आठवते. धारणी आणि चिखलदरा तालुक्यांतील कोरकू कुटुंबांसाठी आपण पाठवता ती मदतही बहुधा माता-बालकांसाठी असते. मधुमेह हा खाऊनपिऊन सुखी असलेल्यांचा रोग, असा आपला समज आहे. तो आता सोडायला हवा. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील माता व बाळांचा अभ्यास केला. जन्मतः हडकुळी दिसणारी आपली बाळे स्नायूंनी कमी, पण चरबीने तितकी कमी नसतात, असे त्यात दिसले. पोटात असताना उपासमार झालेल्या बाळाला पुढे मधुमेह आणि हृदयविकाराचा धोका अधिक असतो. म्हणजे आजचे कुपोषण हे उद्याच्या मधुमेहाचे बी ठरू शकते.

ही तपासणी काय सांगते?

रक्तातील साखर तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिनला चिकटते. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते. म्हणून किती हिमोग्लोबिनला साखर चिकटली हे मोजले की मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते. हीच एचबीएवनसी, म्हणजे आपल्या बोलण्यातली ‘तीन महिन्यांची शुगर’. ६.५ टक्के किंवा त्याहून जास्त आल्यास मधुमेह समजतात. बहुतेक रुग्णांना ती ७ च्या आसपास ठेवायला सांगतात.

हृदयाशी तिचा काय संबंध?

वाढलेली साखर रक्तवाहिन्यांचे आतले अस्तर खराब करते. त्यात चरबी साचते आणि वाट अरुंद होते. ब्रिटनमध्ये १९७७ पासून वीस वर्षे चाललेल्या एका मोठ्या अभ्यासात पाच हजारांवर रुग्ण होते. ज्यांची एचबीएवनसी एक टक्क्याने कमी, त्यांच्यात हृदयविकाराचा झटका सुमारे १४ टक्क्यांनी कमी आढळला. मात्र साखर फार जोराने खाली ओढणेही घातक ठरू शकते. अमेरिकेतील एका चाचणीत ती ६ च्या खाली आणण्याचा प्रयत्न झाला. त्या गटात मृत्यू वाढले आणि २००८ मध्ये ते उपचार थांबवावे लागले. आपला आकडा किती असावा हे म्हणून डॉक्टरांनाच ठरवू द्यावे.

मेळघाटात अडचण कुठे येते?

विदर्भातील आदिवासी समाजात सिकलसेल आढळतो. आईवडील दोघांकडून हा दोष आलेल्या रुग्णाच्या तांबड्या पेशी १० ते २० दिवसांतच मोडतात. साखर चिकटायला वेळच मिळत नाही, आणि नेहमीचे हिमोग्लोबिनही त्याच्या रक्तात जवळजवळ नसते. अशा रुग्णाचा एचबीएवनसीचा रिपोर्ट भरवशाचा नाही. साखर वाढलेली असूनही तो ‘नॉर्मल’ दिसू शकतो.

एकाकडूनच दोष आलेला माणूस वाहक असतो. तो सहसा आजारी नसतो, पण त्याचाही आकडा थोडा कमी येऊ शकतो. २०१७ मध्ये अमेरिकेतील कृष्णवर्णीयांवरील एका अभ्यासात साखर तेवढीच असताना वाहकांची एचबीएवनसी सुमारे ०.३ ने कमी भरली. उलट, लोहाच्या कमतरतेने पांडुरोग असेल, जो आपल्या बायाबापड्यांत नेहमीचाच, तर आकडा खोटाच वर जाऊ शकतो. अलीकडे रक्त चढवले असेल तरी रिपोर्ट चुकतो.

चुकीच्या ‘नॉर्मल’ रिपोर्टची किंमत मोठी आहे. मधुमेही माणसाला हृदयविकाराचा झटका कधी कधी छातीत कळ न येताच येतो. नुसता दम लागतो, घाम फुटतो, गळून गेल्यासारखे वाटते. शुगर ठीक आहे म्हणून तो घरीच पडून राहिला, तर दवाखान्यात पोहोचेपर्यंत उशीर होतो.

मग काय करावे?

- मधुमेहाच्या तपासणीपूर्वी हिमोग्लोबिन आणि सिकलसेलची तपासणी झाली आहे का ते विचारावे. सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान जुलै २०२३ पासून सुरू आहे. सरकारी दवाखान्यात चौकशी करावी.
- सिकलसेल असेल तर उपाशीपोटी आणि जेवणानंतर दोन तासांनी बोटातून रक्त घेऊन साखर पाहावी, आणि ती वहीत लिहून ठेवावी. उपाशीपोटी १२६ किंवा जेवणानंतर २०० च्या वर आल्यास डॉक्टरांकडे जावे.
- फ्रुक्टोसामिन ही तपासणी हिमोग्लोबिनवर अवलंबून नसते. मोठ्या शहरातील प्रयोगशाळेत ती होऊ शकते.
- रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल तपासावे. तंबाखू, खर्रा, बिडी सोडावी. हृदयासाठी हे साखरेइतकेच महत्त्वाचे आहे.

आरोग्य शिबिराला मदत देताना आपणही एवढे विचारावे: शुगर पाहणार, तर सिकलसेल आणि रक्तदाबही पाहणार का? ग्लुकोमीटरच्या पट्ट्या आणि बीपीचे यंत्र यांचा खर्च फार नाही, पण त्यांच्यामुळे एखाद्या घरचा कर्ता माणूस वेळेत सापडेल. मंडळीत ज्यांना स्वतःला मधुमेह आहे, त्यांनीही पुढच्या वेळी आपले हिमोग्लोबिन डॉक्टरांना आवर्जून दाखवावे. मेळघाटातील रुग्णांची आणि तेथील दवाखान्यांत राबणाऱ्या परिचारिकांची आपल्या प्रार्थनेत आठवण असू द्या.